आधी पाणी, शेवटी पायवाट: शहरातला ओढा जिवंत करण्याची रीत

पुण्यात ओढा सुधारायचा म्हटले की पहिले काम निघते ते पायवाटेचे. पेव्हर ब्लॉक, रेलिंग, रंगीत दिवे. पाणी काळे ते काळेच राहते, वास हटत नाही आणि दोन पावसाळ्यांत ब्लॉक उखडून पात्रात जाऊन पडतात. रामनदीच्या काठावर गेली काही वर्षे सुट्टीचे दिवस घालवल्यावर माझे ठाम मत झाले आहे की हे काम फसते ते क्रम चुकल्यामुळे. आधी पाणी, मग पात्र आणि काठ, मग झाडे आणि सगळ्यात शेवटी माणसाची वाट. हा क्रम धरून एखाद्या सोसायटीला, वस्तीला किंवा मित्रमंडळाला काय करता येईल, ते इथे सविस्तर लिहितो.

रामनदी नावाने नदी, अंगाने ओढा. पुण्याच्या पश्चिमेला भुकूमच्या डोंगरात तिचा उगम होतो. भूगावचा मानस तलाव, बावधन, पाषाण तलाव, सोमेश्वरवाडीचे जुने देऊळ, बाणेर असे सुमारे १९ किलोमीटर वाहून ती औंधजवळ मुळेला मिळते. वरच्या भागात अजून कातळावरून निवळ पाणी येते. खाली येईपर्यंत त्याचे सांडपाणी झालेले असते. तुमचा ओढा नाशिकचा असो, कोल्हापूरचा किंवा नागपूरचा, गोष्ट फारशी वेगळी नसेल.

आधी वर्षभर चाला

कुदळ उचलण्याआधी एक पूर्ण वर्ष निरीक्षणाला द्या. हे सांगितले की लोक हिरमुसतात, पण त्या वर्षात वाचलेला खर्च पुढे दिसतो. आपल्या वाट्याचा दोन-तीनशे मीटरचा पट्टा निवडा आणि उगमापासून संगमापर्यंत निदान एकदा सगळा ओढा पायी बघून घ्या. आपल्या पट्ट्यातल्या निम्म्या दुखण्यांचे मूळ वरच्या अंगाला असते.

चार फेऱ्या चुकवू नका. पहिली एप्रिल-मेमध्ये, पात्र सर्वांत कोरडे असताना. दुसरी पहिल्या वळवाच्या पावसानंतर, वर्षभराचा कचरा कुठून वाहून येतो ते पाहायला. तिसरी भर पावसाळ्यात, पण पुलावर उभे राहून. पात्रात उतरू नका. झाडांना आणि तारांना अडकलेल्या चिंध्या-प्लास्टिकवरून पाणी किती वर चढले होते ते कळते, त्या उंचीचे फोटो काढून ठेवा. चौथी फेरी नोव्हेंबरात, पाणी स्थिरावल्यावर आणि हिवाळी पाहुणे पक्षी आल्यावर.

उन्हाळ्याच्या फेरीत एक साधी चाचणी करा. पात्रात खुणा केलेली काठी रोवा आणि पहाटे पाच, सकाळी आठ व अकरा वाजता पाण्याची पातळी लिहा. झऱ्याचे पाणी घड्याळ पाहत नाही. आठच्या सुमारास पातळी वाढली तर ते लोकांच्या आंघोळीचे आणि धुण्याचे पाणी आहे. तसेच, एप्रिलमध्ये पावसाळी गटाराच्या पाइपातून धार लागलेली दिसली तर कुणीतरी सांडपाण्याची जोडणी चुकीच्या नळीला केली आहे. दख्खनच्या कातळावरचे आपले बहुतेक लहान ओढे मुळात पावसाळी. उन्हाळ्यात त्यांचे कोरडे पडणे नैसर्गिक आहे, भरून वाहणे नव्हे. ‘आमचा ओढा बारमाही आहे’ असे कुणी कौतुकाने सांगितले की मला काळजी वाटते.

मात्र खरे झरेही असतात. बावधनच्या बाजूला भूजलाचा असा प्रवाह आहे आणि अभ्यासकांनी त्याकडे वारंवार लक्ष वेधले आहे. पात्राच्या कडेला उन्हाळ्यातही नेचे, शेवाळ आणि स्वच्छ थंड पाणी दिसले तर ती जागा नकाशावर आधी लाल करा. तिथे खोदकाम, भराव, काँक्रीट काहीही होऊ द्यायचे नाही.

कागद गोळा करा

ओढा कुणाचा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चार कागद मिळवा. गावाचा मूळ नकाशा, ज्यात ओढ्याची जुनी रुंदी आणि वळणे दिसतात. काठच्या जमिनींचे सातबारा किंवा सिटी सर्व्हेचे उतारे. शहराच्या विकास आराखड्याचे पान. आणि पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषा असतील तर त्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लहान ओढ्यांवर अनेकदा या रेषा आखलेल्याच नसतात. तिथे तुम्ही पावसाळ्यात काढलेले फोटो हाच आधार. कागद सरळ मागून मिळाले नाहीत तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहेच.

हे कागद मांडल्यावर ओढा किती आखडला ते उघड होते. पुण्याने याची किंमत मोजली आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये रामनदीला अचानक पूर आला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा काठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत शिरला, भिंती कोसळल्या, माणसे गेली. ज्या कामामुळे पात्राची रुंदी हातभरही कमी होईल, ते काम कितीही सुंदर दिसले तरी नाकारा.

याच टप्प्यावर महापालिकेच्या मलनिःसारण, उद्यान आणि पथ विभागांना एका टेबलाशी बसवा. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही करायला हवी. तुमच्या नोंदी त्या नोंदवहीत गेल्या तर ओढ्याकडे ‘नाला’ म्हणून पाहणे थोडे अवघड होते. काठावरचे झाड, अगदी सुबाभळीचेसुद्धा, तोडायचे असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते हेही लक्षात ठेवा.

सांडपाणी: इथेच खरी लढाई

बाकी सगळे आवडीचे काम आहे, हे चिकाटीचे. आपल्या पट्ट्यात येणारा प्रत्येक पाइप मोजा, त्याला क्रमांक द्या आणि एक तक्ता करा: कोणत्या वेळी वाहतो, रंग, वास, फेस, कोणत्या गल्लीतून येतो. तुंबून उसळणारे चेंबर वेगळे लिहा, कारण ते दुरुस्तीने बंद होतात आणि लवकर यश देतात. चुकीची जोडणी शोधायला महापालिकेचे कर्मचारी चेंबरमध्ये रंग सोडून पाहतात. तशी लेखी मागणी करा. रात्री सेप्टिक टँकचे टँकर रिकामे होत असतील तर वाहन आणि वेळ यांची नोंद ठेवा, पण अंधारात एकट्याने कुणाला अडवायला जाऊ नका. आमच्या गटातल्या एकाने ते केले आणि प्रसंग हातघाईवर आला. तेव्हापासून आम्ही फक्त नोंदतो आणि दुसऱ्या दिवशी लेखी देतो.

कर्दळ लावली की सांडपाणी शुद्ध होते, असे बरेच जण सांगतात. वनस्पतींच्या गाळणीचा उपयोग नक्की आहे, पण हिशोब करूनच. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले तर त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होते. दोन हजार लोकांच्या वस्तीचे दोन लाख लिटरांच्या वर. खडी आणि पाणवनस्पतींच्या गाळणीला माणशी किमान एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. म्हणजे या वस्तीसाठी अर्धा एकर तरी. ओढ्याच्या काठावर एवढी जागा नसते. त्यामुळे एखाद्या लहान धारेसाठी, पन्नास-शंभर माणसांच्या सांडपाण्यासाठी, कर्दळ, पाणकणीस आणि खडीचा वाफा जरूर करा. मोठे पाइप मात्र मुख्य मलवाहिनीलाच जोडले गेले पाहिजेत.

पाणी आहे तसेच असताना बंधारा घालू नका. गोड्या पाण्यात जो बंधारा वरदान ठरतो, तोच सांडपाण्यात डासांची आणि जलपर्णीची खाण होतो. पाण्याला वाहू द्या. पंधरा ते तीस सेंटिमीटरचे दगड पात्रात आडवे, विस्कळीत मांडून खळखळाट तयार केला की हवा मिसळते आणि प्राणवायू वाढतो. तसे करताना पावसाळ्यातला पूर अडणार नाही ना, हे अभियंत्याला दाखवून घ्या.

मोजमापासाठी विरघळलेल्या प्राणवायूची साधी तपासणी पेटी मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, आंघोळीच्या पाण्याला किमान ५. हे आकडे गटातल्या सगळ्यांना तोंडपाठ असू द्या. लोकांना पाण्यात उतरायला बोलावण्याआधी ही दुसरी पायरी गाठायची आहे आणि तिथेही प्राणवायू पुरेसा नाही. जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते.

कचरा आणि राडारोडा

स्वच्छता मोहिमेने उत्साह येतो, पण कचरा येण्याची वाट तशीच राहिली तर पुढच्या महिन्यात पात्र पुन्हा भरते. म्हणून उचलताना प्रकार मोजा. आमच्या पट्ट्यात एका मोरीखाली नेहमी थर्माकोल आणि पॅकिंगच्या पट्ट्या सापडत. शोध घेतल्यावर चारच दुकाने निघाली, बोलून प्रश्न सुटला. निर्माल्यासाठी पुलावर कलश ठेवा आणि तो रोज रिकामा करणारा माणूस आधी ठरवा, नाहीतर कलशच उकिरडा होतो. राडारोड्याचे ट्रक थांबवायला रस्त्यालगत मोठे दगड रोवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई हा माझ्या मनाला लागलेला विषय आहे. एका मे महिन्यात जेसीबीने आमचा पट्टा एका दिवसात खरवडून काढला. गाळासोबत वाळा गेला, लव्हाळा गेला आणि काठाच्या मातीतली वेड्या राघूंची बिळेसुद्धा. पिल्ले बाहेर पडायला थोडेच दिवस राहिले होते. त्या दिवसापासून आम्ही फेब्रुवारीतच लेखी विनंती देतो: मोऱ्या आणि पुलाखालचा गाळ जरूर काढा, बाकी पात्रात एका वर्षी एकच बाजू हाताळा, आणि मातीचा उभा काठ सोडा. खंड्या, धीवर आणि वेडा राघू अशाच उभ्या मातीत बिळे करतात. दगड बसवून पक्क्या केलेल्या (पिचिंगच्या) काठावर त्यांना घर नाही. टिटवी तर उघड्या खडीवरच अंडी घालते, म्हणून मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत खडीच्या बेटांवर कुणालाच फिरू देऊ नका.

काठाची बांधणी

भिंत हे शेवटचे उत्तर. भिंत बांधली की पाण्याचा वेग वाढतो, वरची गल्ली वाचते आणि खालची बुडते. मिठी नदीच्या काठांवर मुंबईत किती काँक्रीट ओतले गेले ते आपण पाहिले आहे. उलट सिंगापूरने कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा नाला काढून टाकला आणि बिशन उद्यानातून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. २०१२ पासून लोक तिच्या काठी बसतात आणि जोराच्या पावसात तीच बाग पाणी सामावून घेते. आपल्याकडेही छत्रपती संभाजीनगरची खाम नदी महापालिका, छावणी परिषद आणि नागरिकांनी मिळून हाती घेतली. ते काम वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेच्या रॉस सेंटरतर्फे शहरांना दिल्या जाणाऱ्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत गेले.

जिथे जागा आहे तिथे काठ तासून उतार सौम्य करा, एक फूट उंचीला दोन-तीन फूट आडवे असा. त्यावर काथ्याची जाळी खुंट्यांनी ताणून बसवा आणि जाळीच्या छिद्रांतून वाळ्याचे फुटवे वीतभर अंतराने ओळीत लावा. ओळी वरून खाली नकोत, उताराला आडव्या हव्यात. वाळ्याची मुळे खोल सरळ जातात आणि माती शिवून काढतात. जिथे घर काठाला अगदी भिडले आहे आणि भिंतीला पर्याय नाही, तिथे उभी भिंत टाळून पायऱ्यांसारखे गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेल्या दगडांचे ठोकळे, मागा. त्यांच्या फटींत माती भरली की झुडपे रुजतात.

काय लावायचे, कधी लावायचे

वेळेची चूक आम्ही स्वतः केली. जूनमध्ये पाण्याच्या कडेला दीडशे रोपे लावली आणि पहिल्याच पुरात सगळी वाहून गेली. आता नियम साधा आहे. पूर ज्या उंचीपर्यंत चढतो त्याच्या वरची झाडे जून-जुलैत, चांगला पाऊस लागल्यावर. त्याच्या खालचे गवत आणि झुडपे सप्टेंबरअखेर, पाणी उतरत असताना. ओल टिकलेली असते आणि पुढच्या पुरापर्यंत मुळे धरायला आठ-नऊ महिने मिळतात.

पाण्याच्या कडेला लव्हाळा, वाळा आणि थोडे पाणकणीस. पाणकणीस पसरते, दरवर्षी कापावे लागते. खडकाळ पात्रात शेरणी लावा. सह्याद्रीतल्या नद्यांच्या दगडांत ती पुराला वाकते आणि पुन्हा उभी राहते. रोपे बाजारात सहज मिळत नाहीत, पण फांद्यांपासून करता येतात. उतारावर निर्गुडी आणि वाळुंज. वाळुंजाची अंगठ्याएवढी जाड फांदी ओल्या मातीत रोवली की बहुधा फुटते. ज्याच्या नावाची गावे आणि आडनावे आपण रोज ऐकतो ते झाड शहरातल्या फार थोड्या लोकांनी पाहिले आहे, म्हणून मी ते आवर्जून लावतो. वरच्या काठावर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, कळंब, भोकर. उंबर दोन असले तर पक्ष्यांना जवळजवळ वर्षभर कुठले ना कुठले फळ मिळते.

एकाच जातीची रांग लावू नका आणि सगळीकडे सावलीही करू नका. चतुर आणि टाचण्यांना (चतुरांच्या बारीक भाईबंदांना) ऊन लागते, माशांना सावली. थोडा काठ उघडा, थोडा दाट, असा ठेवा.

परके तण एकदम उपटू नका. घाणेरीच्या जाळीत बुलबुल, सातभाई आणि मुंगूस राहतात. दर वर्षी एक तृतीयांश काढा आणि तिथे देशी झुडपे उभी राहिल्यावरच पुढे सरका. घाणेरी वरून कापली तर दुप्पट फुटते. मातीखाली बोटभर खोल, मूळ जिथे गड्ड्यापासून सुटते तिथे कुदळीने तोडून झुडूप उलटे टाकायचे. जलपर्णी काढायची ती पावसाळ्याआधी, आणि काठावर न टाकता दूर खतासाठी न्यायची. पण ती अनुकूल पाण्यात एक-दोन आठवड्यांत दुपटीने वाढते, आणि तिला खाऊ घालणारे सांडपाणी चालू असेपर्यंत ती परत येणारच. डासांसाठी गप्पी मासे सोडण्याची पद्धत वाहत्या ओढ्यात टाळा. ते परदेशी आहेत आणि इथल्या बेडकांची पिल्ले व लहान मासे संपवतात.

आता माणसाची वाट

वाट एकाच बाजूने काढा. दुसरा काठ पूर्णपणे प्राण्या-पक्ष्यांचा राहू द्या. शक्य तिथे ती पूररेषेच्या वर हवी. रुंदी दीड ते दोन मीटर, वर दाबलेला मुरूम. पाणी जिरते, पायाला बरे वाटते, दुरुस्तीही स्वस्त. किमान एक भाग चाकाच्या खुर्चीला आणि बाबागाडीला जाता येईल असा घट्ट आणि सपाट ठेवा. उतरत्या जागी बारा फुटांत एक फुटापेक्षा जास्त चढ नको. वाटेच्या दोन्ही कडांना मीटरभर झुडपे गुडघ्याखाली ठेवा, म्हणजे पुढचे दिसते. बायकांना आणि मुलींना ही एक गोष्ट दिव्यांच्या रांगेइतकीच आश्वासक वाटते, असे त्यांनीच आम्हाला सांगितले.

दिवे प्रवेशापाशी आणि पुलापाशी असावेत, खाली वळलेले आणि पिवळसर. पाण्यावर आणि झाडांवर उजेड नको. रात्री दहानंतर ते बंद झाले तर वटवाघळे, घुबडे आणि उदमांजरे त्यांची वाट वापरतात. पुलाखालच्या मोरीत कडेने पाण्याच्या वर हातभर रुंद कट्टा ठेवला तर मुंगसाला रस्ता ओलांडावा लागत नाही.

काठावरच्या वस्तीला सगळ्यात आधी विचारा, सगळ्यात शेवटी नको. तिथे कपडे धुणाऱ्या बायका आहेत, शेळ्या चारणारे आहेत, अळू-भाजी काढणारे आहेत. त्यांच्यासाठी धुण्याच्या पाण्याची आणि शौचालयाची सोय न करता कुंपण घातले तर ते काम अन्यायाचे होते, आणि टिकतही नाही. आमच्या पट्ट्यावर सर्वांत भरवशाची राखण वस्तीतल्या मुलांनी केली आहे.

दिवड दिसला की लोक घाबरतात. बिनविषारी पाणसापाचे मोठे चित्र आणि जवळच्या सर्पमित्राचा क्रमांक फलकावर लावा. पुलाच्या खांबावर पाण्याच्या पातळीच्या खुणा रंगवा आणि कोणत्या खुणेला वाट बंद करायची ते लिहून ठेवा.

नोंदी कशा वाचायच्या

महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच पाच जागांवरून फोटो आणि अर्ध्या तासाची पक्षीगणना. पक्षी वाढले म्हणून पाणी सुधारले असे मात्र समजू नका. शेकाट्यांचे लाल पायांचे थवे मुळा-मुठेच्या सांडपाण्यात मजेत चरतात. गाळातल्या लाल अळ्या हे त्यांचे खाणे. माझा भरवसा दगडांखालच्या किड्यांवर आहे. नोव्हेंबरात पात्रातले दहा दगड उलटे करून पाहा. फक्त लाल अळ्या असतील तर प्राणवायू अजून नाही. टाचण्यांची पिल्ले आणि गोगलगायी दिसू लागल्या तर वाटचाल सुरू झाली. दगडाला चिकटलेली, शेपटीला तीन केस असलेली मेफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या किड्याची पिल्ले मिळाली तर तो दिवस वहीत तारखेसह लिहा. दगड पुन्हा होते तसेच पालथे ठेवायला विसरू नका.

आमच्या पट्ट्यावर मेफ्लायच्या पिल्लांची पहिली नोंद पाचव्या हिवाळ्यात झाली, वरच्या अंगाचे दोन पाइप बंद झाल्यानंतर, एका झऱ्याच्या तोंडापाशी. पायवाटेचा आराखडा आम्ही त्यानंतर काढला.